रविवारचे मासे

बेटावरच्या सालेलोलोगाच्या धक्क्यावर बोटीच्या रांगेत पाद्रीबाबा उभे होते. त्यांच्या पुढे माशांची टोपली घेतलेली लांगी. राजधानी आपियाकडून आलेल्या बोटीतून तिची नणंद पेपे उतरली. दोघींचंही मागे लक्ष नव्हतं.

"वहिनी, एवढे ताजे मासे घेऊन कुठे?"

"आपियाच्या बाजारात, वन्सं. हे विकून दुकानातले हवाबंद डब्यातले मासे आणते. रविवारी पाद्रीबाबा जेवायला आहेत."

"मासे विकून मासेच?"

"ताजे तर इथे मांजरंही खातात. तेच वाढले तर लोक म्हणतील, लांगीच्या घरी खायचे वांधे झाले."

"आणि आपियात पाहुण्यांपुढे डबा उघडला तर नाकं मुरडतात! ताजा मासा घ्यायचा तर पगार पुरत नाही गं. हे बघ, खोकाभर डबे आणलेत तुमच्यासाठी. चल घरी. डबे बाबांना वाढ, मासे आपण खाऊ."

"फुकटचं वाढू?"

"त्यांना काय कळतंय?"

"कुणी किती दान दिलं ते चर्चमध्ये नावानिशी मोठ्याने वाचतात ते. अशा माणसापुढे फुकटचं? नको गं बाई, माझा घास घशाखाली उतरायचा नाही."

"तेही खरंच. जा मग, बोट चुकेल."

मागे पाद्रीबाबांनी टोपलीतल्या ताज्या माशांकडे पाहिलं आणि तोंडाला सुटलेलं पाणी गिळलं.