एका मातीचे दोन रिपोर्ट

भीमराव : दाखला मागितला की दाखला द्यायचा, मॅडम. त्यात मधीच चहा कशाला?

माधवी : चहा दाखल्याचा नाही, उन्हाचा आहे. आमचे क्लार्क आनंदराव आज रजेवर आहेत. म्हणजे दाखला मीच लिहिणार, आणि प्राचार्यांचा हात क्लार्कइतका झरझर चालत नाही. बसा तुम्ही. मुलीचं नाव?

भीमराव : छकुली.

माधवी : अहो, दाखल्यावर छकुली कसं लिहू? अश्लेषा ना? बी.एस्सी. पहिलं वर्ष झालं, ती?

भीमराव : व्हय, तीच. पर तुमाला कसं कळलं? मी तर अजून गावाचं नाव बी घेतलं न्हाय.

माधवी : तिच्या वर्गात चौदा जण आहेत. कुणाच्या डब्यात काय असतं तेही आता पाठ झालंय. तुमच्याकडे गुरुवारी शेपू असतो.

भीमराव : हात्तिच्या! घरातली भाजी बी हितपर्यंत आली म्हना की. बरं, वळखताय तर ल्हिवा लवकर. बारामतीला नेतोय तिला. तितलं कॉलेज बगितलं का तुमी? ह्या टोकापासनं त्या टोकाला जाईस्तवर मानूस घामाघूम हुतो. जळोचीला माजी बहीन ऱ्हाती, कौसल्या. तिच्याकडं ऱ्हाईल पोरगी. येस्टीची ये-जा बी वाचंल.

माधवी : चांगलं कॉलेज आहे ते. मीही तिथंच शिकले.

भीमराव : आं? तितं शिकलात? मग हितं ह्या चार खोल्यांत कशापायी येऊन बसलात?

माधवी : तिथं आम्ही वर्गात एकशे वीस जण होतो. शिक्षक चांगले होते, कुणी कधी गप्प बस म्हणालं नाही. पण तीन वर्षांत मी एकही प्रश्न विचारला नाही. माझा नंबरच आला नाही. मग ते सगळे प्रश्न तुंबले, आणि आता मी येईल त्या माणसाला विचारत सुटते. घरचेही कंटाळलेत मला.

भीमराव : बोलनं गमतीचं हाय तुमचं.

माधवी : आता तुमचा नंबर. दाखल्यावर कॉलेज सोडण्याचं कारण लिहावं लागतं. काय लिहू?

भीमराव : पालकाची मर्जी, म्हनून ल्हिवा.

माधवी : लिहिते. पण खरं कारण काय? ते लिहिणार नाही. मला नुसतं कळायला हवं.

भीमराव : राग न्हाय ना यायचा?

माधवी : येईल कदाचित. पण दिलेला चहा परत घेणार नाही.

भीमराव : मग ऐका. तुमी पोरांस्नी चुकीचं शिकवताय. झालं, बोललो. आमच्या खालच्या तुकड्यात, पाटाकडंला, जानेवारीत उसाची लागन केली. त्याच्या आदी म्या माती तपासून आनली. शेरातली मोठी प्रयोगशाळा. काचंची दारं, पांढरं डगलं घातलेली मानसं, टोकन घिऊन बसायचं. रिपोर्ट आला, जमिनीत नत्र भरपूर. युरिया टाकायची गरजच न्हाय. आन ही आमची बया, हितं तुमच्या प्रयोगशाळेत तीच माती तपासती आन घरी येऊन सांगती, तात्या, नत्र लई कमी हाय, टाकल्याबिगर भागायचं न्हाय! आता मी कुनाचं ऐकू?

माधवी : तुम्ही कुणाचं ऐकलंत?

भीमराव : काचंच्या दाराचं. दुसरं कुनाचं ऐकनार? तुमच्या प्रयोगशाळेच्या दाराला कडी बी न्हाय, सुतळीनं बांधलंय.

माधवी : कडी सांगितलीय सुताराला. बरं, आणि आता ऊस कसा आहे?

भीमराव : ऊस... हाय की.

माधवी : भीमराव.

भीमराव : पिवळा हाय. बांधाला लागून मल्हारचा ऊस हाय, तो काळाभोर. आमचा उभा ऱ्हायलाय नुसता, आजाऱ्यावानी. म्हनूनच म्हनतो, हवापानी खराब आसंल, बेनं खराब आसंल. पर रिपोर्ट चुकायचा न्हाय.

माधवी : हे मात्र भलतंच कोडं झालं. फेब्रुवारीपासून माझ्या डोक्यात आहे ते. अश्लेषाबरोबर तीनदा निरोप पाठवला, वडिलांना एकदा घेऊन ये म्हणून.

भीमराव : निरोप मिळालं. पर बापाला साळंत बोलावत्यात ते तक्रारीसाठीच. म्हनलं, ह्या कार्टीनं काय तरी फोडलं आसंल. न्हाय आलो.

माधवी : काही फोडलं नाही तिनं. आणि अश्लेषा, दाराआड उभं राहून ऐकण्यापेक्षा आत ये. वही घेऊन ये.

(छकुली वही छातीशी धरून आत येते. भीमराव लेकीकडे बघत नाहीत. कपात उरलेला चहा हलवत बसतात.)

छकुली : मॅडम, दाखला लिहून झाला?

माधवी : सही राहिलीय. आधी वही उघड. तुझी माती कुठून घेतलीस ते वडिलांना सांग.

छकुली : तात्यांना सांगून झालंय सगळं. त्यांनी मल्हारकाकाच्या देखत माझा रिपोर्ट चुरगाळून पाटात फेकला.

भीमराव : मल्हार दात काढायला लागला! दीडशहानी पोरगी बापाला शेती शिकवायला लागली म्हनला. मग माजं टाळकं सरकलं.

छकुली : आन मग चार महिने तुमी माझ्याशी धड बोलला न्हाय, तात्या. जेवाय वाढलं तरी ताटाकडं बघून जेवायचात. मला लई वाईट वाटायचं. मी खोटं लिहिलं नव्हतं.

माधवी : आता भांडण बाजूला ठेवू. मला कोडं सोडवायचंय. सांग गं.

छकुली : खालच्या तुकड्यात पाच ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेतले. झाडाची सावली सोडून, बांध सोडून, उकिरड्यापासून लांब. माती प्लॅस्टिकच्या स्वच्छ बादलीत घेतली. सावलीत वाळवली, चाळली, पिशवीत भरली. तपासणी तीनदा केली. तीनदा तेच आलं. नत्र कमी.

माधवी : तीनदा का?

छकुली : तुमीच म्हणालात ना मॅडम, मोठ्या प्रयोगशाळेपेक्षा वेगळं आलंय, तर आधी स्वतःवर संशय घ्यायचा.

भीमराव : हे असं म्हनला तुमी?

माधवी : म्हटलं होतं. आणि आता तुमच्यावर संशय घेते. चालेल?

भीमराव : घ्या. म्या काय चोरी केली न्हाय.

माधवी : तुम्हीही माती खालच्याच तुकड्यातली घेतली?

भीमराव : खालच्याच. मधोमध. बांधाकडंला न्हाय, उकिरड्याकडंला न्हाय. एवढं मलाबी कळतं.

माधवी : कशानं खणली?

भीमराव : खोऱ्यानं. धुतलेलं खोरं हुतं.

माधवी : किती घेतली?

भीमराव : अर्धं पोतं.

छकुली : अर्धं पोतं? तात्या, अर्धा किलो लागती!

भीमराव : अगं, येवढ्या मोठ्या ठिकानी जायचं आन मूठभर माती घिऊन जाऊ व्हय? बरं दिसतंय का ते? त्यांनी आपली वाटीभर घेतली, बाकीची म्हनले परत न्या. फटफटीवर बांधून नेली तशी बांधून आनली. जाताना येका दुकानदाराच्या दारात, उनात निम्मा दिस ठिवली हुती, पर त्यानं हात बी लावला न्हाय.

माधवी : माती ओली होती का?

भीमराव : रातीच पानी दिलेलं, वल तर हुतीच.

माधवी : आणि पोतं कशाचं?

भीमराव : पोतं... पोतं म्हंजे पोतं. गोठ्यात पडल्याली असत्यात दहा-बारा. त्यातलंच येक.

माधवी : गहू-ज्वारीचं?

भीमराव : न्हाय, न्हाय. धान्याची पोती तिची आय हात लावू देत न्हाय.

छकुली : तात्या... कशाचं पोतं?

भीमराव : झटकून घेतलं हुतं मी. चांगलं दोनदा भिताडावर आपटलं.

माधवी : भीमराव, कशाचं?

भीमराव : युरियाचं.

छकुली : अगं आई गं!

भीमराव : आपटलं हुतं म्हनलं ना! दानं दानं गळून पडलं हुतं.

माधवी : शिवणीत, कोपऱ्यात दाणे चिकटून राहतात. माती ओली, त्यात अर्धा दिवस ऊन. विरघळले सगळे मातीत. त्या प्रयोगशाळेनं काही चूक केली नाही हो. समोर आलं ते त्यांनी बरोबर तपासलं. नत्र भरपूर निघणारच.

भीमराव : म्हंजे त्यांनी माजी माती तपासली न्हाय. माजं पोतं तपासलं!

माधवी : थोडंफार तसंच.

छकुली : हसू नका मॅडम, मला पण हसू येतंय.

भीमराव : हसा, हसा. हसन्याजोगंच काम केलंय मी... आयला, आन चार म्हैने मी ह्या लेकराला खोटी म्हनत ऱ्हायलो. रानाला उपाशी ठिवलं ते ठिवलं, हिला बी... छकुले, चुकलं माजं. लई चुकलं.

छकुली : असू द्या हो तात्या.

भीमराव : न्हाय, असू द्या कसं? मल्हारच्या देखत तुला बोललो, आता मल्हारच्या देखतच सांगनार, पोतं युरियाचं हुतं म्हनून. त्याला वरीसभर हसायला पुरंल. हसू दे. पर मॅडम, ऊस गेला का हो?

माधवी : उसाला माती चढवायची मोठी बांधणी झाली का?

भीमराव : पंधरा दिसांनी करनार हाय.

माधवी : मग पूर्ण गेला नाही. बांधणीला खत देता येतं. पण किती द्यायचं ते अंदाजानं नको. माती पुन्हा तपासू, मग ठरवू.

भीमराव : येक इचारू? तितं बारामतीला... आता बी एकशे वीसच असत्यात का वर्गात?

माधवी : असतील तेवढे. पण तिथली प्रयोगशाळा आमच्यापेक्षा दसपट चांगली आहे. गैरसमज करून घेऊ नका, मी अडवत नाही. दाखला तयार आहे, हा बघा. सही केली की झालं.

भीमराव : तसं न्हवं. तितं कुनी माती आनली, तर कशात आनली म्हनून इचारतंय का कोन?

माधवी : विचारणारे तिथंही भेटतात. शोधावे लागतात.

भीमराव : आन हितं?

माधवी : इथं आम्हाला दुसरं कामच नाही.

भीमराव : हं... छकुले, तुला कुठं शिकायचंय?

छकुली : मला विचारताय?

भीमराव : तुलाच. आत्याला इचारलं, मल्हारला इचारलं, येस्टीच्या कंडाक्टरला बी इचारलं. तुला तेवढं इचारायचं ऱ्हाऊन गेलं.

छकुली : पुढं मागं जाईन की तात्या बारामतीला, एम.एस्सी.ला. पण अजून दोन वर्षं इथंच. वरच्या तुकड्याची माती राहिलीय. विहिरीचं पाणी पण मचूळ का लागतंय ते बघायचंय. मला इथं प्रश्न पडला की कुणीतरी थांबतं, तात्या. मला ते सोडायचं नाही.

भीमराव : मॅडम, सही नका करू.

माधवी : नाही करत. पण कागद वाया गेला माझा. एवढं सुंदर अक्षर काढलं होतं.

भीमराव : ऱ्हाऊ द्या, मागच्या बाजूला गणितं करंल पोरगी. चला, निघतो. उद्या सकाळीच खालच्या तुकड्याची माती घिऊन येतो... छकुले, कशात भरायची, ते आदी सांग.