ताईचा उन्हाळा

...नाही, मी म्हणतो, माणसानं सरळ तारीख सांगावी की नाही? पण नाही, 'उन्हाळ्यात येते'! तुम्हाला सांगतो, ही माझी थोरली बहीण, राहते पृथ्वीच्या पार खालच्या अर्ध्यात. इकडे आम्ही घाम पुसतो तेव्हा ती तिकडे शेगडीपुढे बसलेली असते. मग उन्हाळा कुणाचा, हे नको विचारायला? मी नाही विचारलं. खोली रंगवली, नवा पंखा बसवला, अख्खा उन्हाळा फाटकाकडे बघत काढला, आणि बाईसाहेब उगवल्या ऐन कडाक्याच्या थंडीत, पायात सँडल! वर मलाच विचारते, "ढब्बू, एवढ्या गारठ्यात पंखा कसला रे लावलायस?"

त्याला आता बरेच महिने झाले म्हणा. परवा मी मागच्या अंगणात पानं झाडत होतो. सगळी झाडं बोडकी व्हायला लागलेली, आणि कपडे वाळवायच्या दोरीखाली बघतो तर काय, जमिनीतून नुसता एक देठ वर आलेला, पान नाही की काही नाही, आणि टोकाला हे एवढं गुलाबी फूल! पानगळीत! बायको म्हणाली, हात लावू नका, विषारी असेल. शेजारचे दातांचे डॉक्टर कुंपणावरून वाकले, बराच वेळ बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, मुळाशी काहीतरी आहे. जावयानं फोनवर फोटो काढून शोधलं, तर फोन म्हणतो कांदा. कांदा! गुलाबी! रोपवाटिकेतला माणूस त्यातल्या त्यात शहाणा, म्हणाला फूल वसंतातलं आहे, आत्ता यायचं कारण नाही. अहो, पण आलंय ना!

शेवटी फोटो धाडला ताईला. लहानपणी कुठल्याही पानाचं नाव तीच सांगायची, आणि खोटं असलं तरी मला पटायचं. तेव्हा आमचे ऋतू एकच होते हो. एका पांघरुणात दोघं, आणि तिचे ते गारढोण पाय मुद्दाम माझ्या पोटरीला लावायची. मी बोंबलायचो. आता इतक्या वर्षांनी सांगतो, त्या पायांची फार आठवण येते.

तर ताईचा लगेच फोन. "अरे, माझाच कंद तो. मोज्यात लपवून आणला होता." म्हणजे त्या थंडीत माझा कोट घालून, आमच्या स्वयंपाकघरातला डाव घेऊन अंगणात उकरत बसली होती ती यासाठी! मला वाटलं, तण काढतेय बिचारी. आणि बायको तो डाव अजून शोधतेय!

म्हटलं, ताई, पण हे भलत्याच ऋतूत कसं? तर म्हणते, "नवीन आहे रे. माझ्याकडे आत्ता वसंत आहे ना, तो अजून तिकडचंच धरून बसलाय. एक-दोन वर्षांत लागेल तुमच्या वळणाला." म्हटलं, तू गेलीस तिकडे ऐन विशीत, तू लागलीस का वळणाला?

  मग हळूच म्हणाली, गुडघे धरतात, एवढा प्रवास आता होईलसं वाटत नाही, फूल आलं ते बरं झालं, निदान ते तरी तिथं आहे.  फुलाला काय करायचंय? फूल मला ढब्बू म्हणणार आहे?

म्हटलं, ते काही नाही. तू यायचं. उन्हाळ्यात यायचं.

"कुणाच्या?"

म्हटलं, ज्याचा आधी येईल त्याच्या.

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला, मी इकडे डोळे पुसतोय, आता काहीतरी हळवं बोलणार म्हणून फोन कानाला घट्ट लावला... तर म्हणते कशी, "मग स्वेटर आणू की नको?"

 आण म्हटलं.