साडूचा लाल रंग

नाही, मला सांगा, एक नाव निळं करायला असा कितीसा वेळ लागावा? सासरेबुवांचं चष्म्याचं दुकान. पाटी रंगवली निळी आणि वेबसाइटवर दुकानाचं नाव मात्र लालभडक! का? तर साइट केली आमच्या साडूने. धाकटे जावई ना ते, लाडके! मीही वेबसाइटच्याच धंद्यातला, पण माझ्या वाट्याला दुरुस्ती. "जावईबापू, संध्याकाळी सगळे बघायला येणारेत, तेवढं निळं करून टाका." टाकतो म्हटलं. पण तुम्हाला सांगतो, त्या साडूला मी सोडणार नाही!

अहो, साइटचा कोड उघडून बघतो तर काय... डब्यात डबा, त्यात डबा, त्याच्याही आत डबी आणि त्या डबीत दुकानाचं नाव! बाहेरच्या डब्याला निळा दिला. ढिम्म! आतल्याला दिला. ढिम्म! का? तर साडूने थेट नावालाच लाल रंग चिकटवलेला, वर शेरा 'इम्पॉर्टंट', म्हणजे दुसऱ्या कुणाचं ऐकू नका! बाहेरच्याचा रंग आतल्याला लागतो हो, पण आतल्याला स्वतःचा रंग असला की बाहेरचा गेला उडत. आमच्या घरासारखंच! जेवायचंही राहिलं. बायको म्हणते, "भावोजींना विचारा की, दोन मिनिटांत सांगतील." त्याला विचारू? मी? सोडणार नाही म्हणतोय मी त्याला!

झालं, मीही थेट नावालाच निळा ठोकला, त्याचा लाल पुसून. आणि सहज खाली बघतो तर 'निर्मिती', पुढे साडूचं नाव! अशी तिडीक गेली मस्तकात... म्हटलं, आता बघ बेट्या! तळाच्या अख्ख्या पट्टीतली अक्षरं केली पांढरी. पांढऱ्यावर पांढरं, बस बोंबलत!

संध्याकाळी दुकानात सगळा गोतावळा, साडू तेवढा नव्हता. सासरेबुवांनी पान उघडलं. वर निळं नाव, वा वा वा! खाली सरकवलं... पत्ता गायब! फोन नंबर गायब! आणि कोऱ्या पट्टीवर एकटंच, लालभडक, साडूचं नाव! लेकाच्याने तिथेही स्वतःचा लाल चिकटवून ठेवलेला! दिवसभर जे घोकलं, तेच ऐन वेळी विसरलो हो मी!

"अहो, नंबर कुठाय? गिऱ्हाईक फोन कुणाला करणार, धाकट्याला?" सासरेबुवा कडाडले. माझा लॅपटॉप घरी. "मग लावा धाकट्याला फोन!" लावला... मीच लावला! त्याने तिकडून बसल्या बसल्या सगळं नीट केलं आणि वर मलाच समजावतो, "दादा, आतल्याला स्वतःचा रंग असला ना, की बाहेरचा चालत नाही."

सगळे माझ्याकडे बघतायत. म्हटलं, "हो का? बरं झालं बाबा सांगितलंत."