आठव्या डावातलं शून्य

हॅलो?… हो, ग्वेन, मीच. बोल.

घरी कुठली गं, अजून मैदानाबाहेरच आहे. गाडीत. सामना संपून तास झाला… हो, सगळे गेले, आमची एकटीच गाडी उरलीये.

हॅटी ना? आहे, मागे बसलीये. थांब, मी खाली उतरून बोलते… हं, आता बोल.

कसला आनंद, ग्वेन. बेसबॉलचा पहिला सामना, पहिला सामना म्हणून महिनाभर नाचवलं पोरीला, आणि आता…

नाही, पडलीबिडली नाही. बरी आहे. म्हणजे… बरी कुठली. अगं ऐक ना, आधी ऐकून घे.

डेल हरला.

कुठला डेल काय, माझा दीर, कर्टिसचा धाकटा भाऊ! तोच. सात डाव, ग्वेन. सात डाव त्यानं चेंडू टाकले आणि समोरच्यांना एकही हिट मारू दिली नाही… हो, आपला डेल. अकरा वर्षं खालच्या लीगमध्ये बसनं गावोगाव फिरतोय, कोपराचं ऑपरेशन झालंय, बायको सोडून गेली. आणि आज वरच्या क्लबचा माणूस खास त्याला बघायला आला होता. वही घेऊन, चेंडूचा वेग मोजायचं ते यंत्र घेऊन. आता नाही तर कधीच नाही, असं डेलच सकाळी म्हणाला होता.

मग काय, आमची सगळी रांग चिडीचूप. पिचरनं एकही हिट दिली नसेल तर त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, जागेवरून हलायचं नाही, नाहीतर नजर लागते, तुला काय सांगायचं? बाबा आठव ना. रेडिओवर सामना असला की सहाव्या डावानंतर खुर्चीतून उठू द्यायचे नाहीत, तू एकदा तिथेच… हो, तेच. हसू नकोस गं. आज नको हसूस.

कर्टिसकडचे तेरा जण. आर्लीननी सगळ्यांना सारख्या निळ्या टोप्या आणल्या होत्या… सासूबाईंचं सगळं शिस्तीत असतं ना. कुणी शेंग फोडेना. कर्टिस सोड्याचा रिकामा पेला तसाच हातात धरून बसलेला.

आणि आमचं ध्यान चार वर्षांचं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं… नाही, मीही नाही. हॉट डॉग कसा धरायचा ते सांगितलं, चेंडू अंगावर आला तर डोकं कसं झाकायचं ते सांगितलं. हे कोण सांगतं? हे पोटातूनच शिकून येतात असं धरून चाललो आम्ही सगळे.

उलट मीच तिला आठवडाभर धावफलक वाचायला शिकवत होते. हे अक्षर म्हणजे हिट, त्याच्याखाली बघ किती आहेत. सात-आठ तिला अजून नीट ओळखता येत नाहीत. शून्य येतं…

हो. तेच झालं.

आठव्या डावात. खुर्चीवर उभी राहिली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडली, की डेलकाकांनी एकही हिट दिली नाही, तिथे शून्य आहे. इतकी खूश होती गं. वाचता आलं म्हणून. आमच्या सगळ्यांकडे वळून बघत होती, शाबासकीसाठी.

नाही, लगेच नाही. दुसऱ्या चेंडूवर. तीही काय हिट म्हणायची, फुसका चेंडू, बॅटच्या कडेला लागून दुसऱ्या बेसमागे टपकन पडला. पण डेल तिथून ढासळलाच. दोघांना चुकीचे चेंडू टाकून फुकटात बेस दिले आणि तिसऱ्यानं सरळ कुंपणाबाहेर मारला. त्या माणसानं यंत्र पिशवीत टाकलं आणि शेवटचा, नववा डाव न बघता गेला.

आर्लीन? ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या उठल्या, हॅटीच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली, पर्समध्ये टाकली आणि रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या.

कर्टिस म्हणाला ना. म्हणाला, “आई, लहान आहे ती, पण…” आणि थांबला. ते ‘पण’ ऐकलंस तू? आता आईच्या गाडीतून गेलाय. डेलजवळ कुणीतरी हवं म्हणे.

आला होता ना डेल, कुंपणापाशी. तर त्यांचा एक चुलतभाऊ हसत हसत त्याला सांगतो, पुतणी पांढऱ्या पायाची निघाली बघ तुझी… हो, तिच्यासमोर. डेल वाईट नाही गं. हसला तो. पण एरवी भेटला की खांद्यावर घेतो, आज नुसतं डोक्यावर थोपटलं आणि बसकडे गेला. त्याला तरी काय म्हणू? त्याचंही सगळं संपलंच ना.

आणि रविवारी सामन्यानंतर पोरांना बेसभोवती पळू देतात ना… अगं, हिला त्याचाच ध्यास होता. अंगणात उशा मांडून रोज पळायची. तिचा नंबर आला आणि ही खाली बसली. मागची पोरं वळसा घालून पळाली. मीच उचलून आणली शेवटी. तेव्हापासून गप्प. दोन बोटांत ओठ चिमटून बसलीये. पाणीसुद्धा नको म्हणते, मानेनंच.

मी?… मी काय म्हणणार? काही नाही म्हटलं. खरंच, एका शब्दानं बोलले नाही तिला.

तू बोलतेस? बघ बाई. तुझ्याशी बोलेल कदाचित. थांब, दार उघडते… हॅटी, बघ कोण आहे. ग्वेनमावशी. घे ना राणी, कानाला लाव.

नाही घेत गं. मान हलवतेय… काय, बाळा? बोट काढ आधी. काय म्हणालीस?

… ग्वेन, ती विचारतेय, ती बोलली तर मावशीचं काय बिघडेल.

नाही, सोन्या. काही नाही बिघडत. कुणाच्या बोलण्यानं काही होत नसतं. चेंडू पडायचा तिथे पडतो. तुझ्यामुळे नाही, अजिबात नाही. मम्मा सांगतेय ना…

हं?

… आहे गं, फोनवरच आहे. काही नाही.

म्हणाली. विचारतेय, “मग, मम्मा, चेंडू पडला तेव्हा तू माझ्याकडे तसं का बघितलंस?”

हो, ग्वेन. बघितलं मी. आर्लीन उठायच्याही आधी.

नको, तू नको सांगूस तिला काही. ती माझ्याकडे बघतेय, मीच काय सांगते म्हणून… ठेवते मी. ठेवते.