त्या दिवशीचे दोरे मी सकाळी बांधले

जबाब देणार: घरात ‘छोटी’ म्हणतात ती, वय ६३, धंदा: निवृत्त शिक्षिका, राहणार: भावाच्या शेतावरील मागची खोली.

समक्ष हजर राहून सांगते की, लहानपणी दादा आणि मी मागच्या पायरीवर बसून कापसातून सरकी सोडवत असू. तो बिया मोजायचा, मी सांडायची. “छोटे, ऊठ, तुझ्या फ्रॉकखाली अर्धं शेत गेलं,” म्हणायचा. याचा प्रकरणाशी संबंध नाही असं हवालदारसाहेब म्हणाले. तरी लिहावं.

दादाने तीस वर्षं शेत सेंद्रिय ठेवलं. एका अंगाला पांढरा कापूस, दुसऱ्या अंगाला तपकिरी. फवारणी नसल्याने मधमाश्या भरपूर, त्या दोन्हीकडे हिंडतात. म्हणून बियाण्याच्या झाडांच्या कळ्या उमलायच्या आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधतात, म्हणजे बाहेरचा पराग आत शिरत नाही. हे काम वीस वर्षं एकच गडी करतो. त्याला सगळे दोरेवाला म्हणतात. बियाण्याच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे असे.

दादा गेल्या हिवाळ्यात वारला. यंदा पांढऱ्याच्या बियांतून काही झाडं फिक्या तपकिरी कापसाची निघाली. वहिनी दोरेवाल्याला म्हणाली, “त्यांचं बी विकलंस आणि भलतंच भरून ठेवलंस!” तो म्हणाला, “वहिनी, माझी गाठ मलाच सुटत नाही, बी कुठून सुटणार?” तिने तक्रार दिली. पोलिसांनी बियांच्या पिशव्या, दादाची वही आणि खोलीची किल्ली जप्त केली. तो सकाळपासून बाहेर बाकावर आहे.

मागच्या वर्षी दोरेवाला एक दिवस मुलीकडे गेला होता. दादा अंथरुणावर होता. म्हणाला, “आज कळ्या तू बांध.” मी हो म्हटलं. मग त्याने जुन्या गोष्टी काढल्या. फार दिवसांनी हसत होता. मी उठले नाही. अंधार पडला.

सकाळी दहाला गेले तेव्हा फुलं उमलली होती. मी मधमाश्या हाकलल्या आणि उमललेली फुलंच बांधली. दादाने विचारलं, “झाल्या का गं बांधून?” मी “झाल्या” म्हटलं. मिशनच्या सिस्टरांच्या शाळेत शिकले. खरं सांगायला इतका उशीर कधी केला नव्हता.

बोंडं पांढरीच फुटली, कारण बोंडाचा कापूस आईच्या झाडाचा असतो. परागातून आलेला बापाचा रंग पुढच्या पिढीत उघडा पडतो. बांधलेल्या बोंडांचं बी आम्ही बांधल्याच्या तारखेप्रमाणे वेगळ्या पिशवीत ठेवतो आणि एका बोंडाच्या बिया एका ओळीत पेरतो. बी बदललं असतं तर ओळीच्या ओळी एकरंगी निघाल्या असत्या. इथे एकाच ओळीत दोन रंग आहेत, आणि त्या सगळ्या ओळी त्याच तारखेच्या बोंडांच्या आहेत. दोरेवाला मुलीकडे गेला ती तारीख दादाच्या वहीत आहे. बाकीचं बी शुद्ध आहे.

लिहिलेलं मला वाचून दाखवलं, माझ्या बोलण्याप्रमाणे आहे. सही करण्यापूर्वी एवढी भर घालायला सांगितली: जप्त वस्तूंपैकी वही वहिनीला द्यावी. त्या तारखेची पिशवी मला. बाकी सगळ्या पिशव्या दोरेवाल्याला, पेरणीच्या आत. किल्लीही त्यालाच, पण ती पोलिसांनी देऊ नये, वहिनीने स्वतःच्या हाताने द्यावी.