जेवणापर्यंत सर

हॅलो? … हॅलो, ताई? … हो, मघाशी मीच केला होता. तू तासावर असशील हे लक्षातच आलं नाही. … मधली सुट्टी झाली का तुमची? मग बोल… म्हणजे, मीच बोलतो.

… अगं, हळूच बोलणार. स्वयंपाकघरात उभा आहे, दार लोटून. दोघं आतल्या खोलीत बसलीयत. थोरलीला भागाकार दिलेत, धाकट्याला शुद्धलेखन.

… बरी आहेत गं. … मी? मीपण बरा आहे. … नाही, बरा नाहीये. ताई, तुमच्या शाळेत दोन जागा मिळतील का?

… हस. हस पोटभर. … हो, मीच म्हणालो होतो. तुझ्याच घरी, भरल्या ताटावर, सगळ्यांसमोर. माझी पोरं मी शिकवीन, तुमच्या कोंडवाड्यात नाही पाठवणार. … हो, कोंडवाडाच म्हणालो. तू वाढता वाढता थांबलीस, ते आठवतंय मला. … शब्द मागे घेतो, ताई. आणखी काय करू?

… अगं ऐक ना… नाही, अभ्यासाचं नाही. भागाकार तर मलाच येत नव्हते. आदल्या दिवशी स्वतः शिकायचे आणि दुसऱ्या दिवशी आईच्या पोटातून शिकून आल्यासारखा तोरा मिरवायचा. … ते जमतंय. … इमारतींचे नकाशेही काढतोच आहे घरी बसून. बिल्डर ओरडतो, पण तो पूर्वीही ओरडायचाच.

काल काय झालं ते सांगतो. मध्ये बोलू नकोस हं, नाहीतर मला सांगता यायचं नाही.

तुला माहितीये, सुरुवातीला दोघं मला जुमानतच नव्हती. बाबा पाणी, बाबा शू, बाबा हा माझ्याकडे बघतोय. पाढे राहिले बाजूला आणि धाकटा माझ्या मांडीवर. मग मी नियम केला. सकाळी त्या खोलीत पाऊल टाकलं की मी सर. जेवायला बसलो की बाबा. … हो, सरच म्हणायचं. … काय वाईट त्यात? तुलाही बाई म्हणतातच की मुलं. … हं. … हो, तू त्यांची आई नाहीस. कळलं मला ते. उशिरा कळलं.

आणि जमलं गं. थोड्या दिवसांत दोघं सुतासारखी सरळ. हात वर केल्याशिवाय तोंड उघडायची नाहीत. मी मनात म्हटलं, शाळेला जमलं नाही ते मी करून दाखवलं.

काल धाकट्याला म्हटलं, पेन्सिलीला टोक काढून आण, गॅलरीत जाऊन. खोलीत कचरा नको म्हणून. … हो, एकट्याला. सहा वर्षांचा घोडा आहे, गॅलरीत जायला सोबत कशाला? … तर तिथे अडखळला आणि हनुवटी आपटली कठड्यावर. … नाही, टाके नाही पडले. डॉक्टरांनी पट्टी लावून दिली. आता ठीक आहे. … ही ऑफिसातून आली, तिला एवढंच सांगितलंय, पडला म्हणून. … ताई, मध्ये बोलू नकोस म्हटलं ना.

मला काही ऐकूच आलं नाही. तो रडलाच नाही. मी फळ्यावर लिहीत होतो. वळून बघतो तर हा दारात उभा. शर्ट पुढून लाल. एक हात हनुवटीखाली धरलेला, रक्त फरशीवर सांडू नये म्हणून. आणि दुसरा हात वर.

… हो, वर. म्हणाला, सर, मी आत येऊ का?

…



… उचललं गं लगेच. उचलणार नाही का? पण… खरं सांगू? उचलण्याआधी, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं. शिस्त लागली म्हणून. रक्त दिसत होतं मला. तरी बरं वाटलं. … नको, समजूत घालू नकोस. रागाव हवं तर. कालपासून माझीच मला लाज वाटतेय.

… थोरली ना? तिला मी शाळेतून का काढलं, आठवतंय ना तुला? रोज सकाळी उलट्या व्हायच्या पोरीला, त्या बाईंच्या धास्तीने. नखं कुरतडून कुरतडून बोटं सोलवटलेली. … हो, उलट्या थांबल्या. नखंही छान वाढली होती मध्ये. काल दवाखान्यात तिचा हात धरला आणि बघितलं. पुन्हा मुळापासून खाल्लीयत. आता घरात घाबरायला दुसरं कोण आहे, तूच सांग.

…

सोमवारी? … दोघांना? … हो, मोठ्या बाईंना विचारावं लागेल, कळतंय. … विचार. फक्त ते कोंडवाड्याचं सांगू नकोस म्हणजे झालं.

थांब हं, ताई. दार वाजतंय. … ये गं आत. … नाही, तुला नाही, थोरली आलीय. दारातच उभी आहे, हात वर करून. … तहान लागलीय, पाणी पिऊ का विचारतेय. स्वतःच्या घरात, ताई.

पी ना, राजा. त्याला काय विचारायचं? आत्याचा फोन आहे. आणि ऐक, आजपासून सर नाही हं. बाबा म्हण मला. … म्हण की.

…

नाही, ताई. म्हणत नाहीये. घड्याळाकडे बघतेय. … अजून जेवायची वेळ झाली नाही म्हणते.

… चिडत नाहीये गं मी. थांब, फोन ओट्यावर ठेवतो जरा.

…

हॅलो? … हां. घड्याळच काढलं भिंतीवरून. हातात आहे माझ्या. सांगितलं तिला, झाली बघ जेवायची वेळ.

… नाही गं. अजून भिंतीकडेच बघतेय. … नाही. पाणीपण नाही प्यायली.

ठेवतो, ताई. … नाही, ठेवतो मी.