खुर्ची वाजत नव्हती

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आमचे ध्वनिमुद्रक दादा, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि माझ्या श्रोत्यांनो,

आपल्यातले निम्मे जण मला फक्त आवाजाने ओळखतात. अंध वाचकांसाठी मी एकवीस वर्षं पुस्तकं वाचतेय आणि काचेपलीकडे बसून दादा ती मुद्रित करताहेत. आधीच्या वक्त्यांनी दादांच्या कानांची तारीफ केली. त्या कानांनी काय काय सोसलं, ते मी सांगते. विषय सभेत काढण्याजोगा नाही, अध्यक्ष महोदय, पण माझ्या पोटातल्या गॅसशिवाय हा सत्कार पुरा व्हायचा नाही.

चार वर्षांपूर्वी माझं पोट बोलू लागलं. आमच्या त्या बंद खोलीत टाचणी पडली तरी माइकला कळतं, आणि इथे तर नळ खळखळावा तसा आवाज. पोट फुगायचं, तडस लागायची. पन्नाशीतल्या बाईने हे सांगायचं कुणाला? मी म्हटलं, "दादा, खुर्ची वाजतेय." दादा म्हणाले, "बदलू." नवी आली, तीही वाजली. तिसरी आली ती इतकी भक्कम लाकडी, की ती कशी वाजेल हे मलाही सांगता येईना. तरी दादांनी ब्र काढला नाही.

आवाज थांबावा म्हणून मी दुपारचं जेवण सोडलं, चहा-बिस्किटांवर भागवू लागले. सासूबाई म्हणायच्या, "अगं, वाळत चाललीस." नवऱ्याला वाटलं, मी त्याच्यावर रुसलेय. दोन वर्षं असं रेटलं. मग एका कादंबरीत आईच्या मरणाचा प्रसंग आला आणि त्यात मला सहा वेळा थांबावं लागलं. त्याच संध्याकाळी राजीनामा लिहिला. वाचन सुटलं असतं तर माझ्याजवळ काय उरलं असतं, सांगा बरं?

दादांनी तो वाचला आणि ड्रॉवरमधून चार कागद काढले. कापाकापी सोपी जावी म्हणून प्रत्येक व्यत्ययाची वेळ ते टिपून ठेवतात. म्हणाले, "ताई, खुर्ची वाजत नव्हती. रागावू नका. भुकेलं पोट जरा वेळ वाजतं आणि गप्प बसतं. तुमचं खाल्ल्यावर तासाभराने सुरू होतं, गोड चहानंतर तर हटकून. हे डॉक्टरांना दाखवा."

मी रागावलेच. दोन वर्षं यांना ठाऊक होतं आणि मी आपली खुर्च्यांना नावं ठेवतेय. चार दिवस अबोला धरला, मग मुकाट्याने गेले.

डॉक्टरीणबाईंनी पोटापेक्षा ते कागदच जास्त वेळ तपासले. मला गोड पाणी पाजलं आणि दर वीस मिनिटांनी एका नळीत फुंकायला लावलं. निष्कर्ष असा, की जीवाणूंनी मोठ्या आतड्यात राहायचं सोडून लहान आतड्यात बस्तान मांडलं होतं. मी खाल्लेलं माझ्याआधी तेच खात होते आणि वर गॅस सोडत होते. "म्हणजे फार वाईट काही नाही ना?" मी विचारलं. मनातल्या मनात मी केव्हाच मृत्युपत्र करून बसले होते. त्या म्हणाल्या, "नाही हो. चौदा दिवस गोळ्या, काही दिवस दूध आणि गोड कमी, आणि उपाशी राहणं बंद. परत झालं तर परत या." माझा जीव भांड्यात पडला.

परत झालंही एकदा, खोटं कशाला बोलू? पण त्या वेळी मी सरळ म्हटलं, "दादा, आज पोट." ते म्हणाले, "मग आज लवकर आवरू." इतकं सोपं होतं ते.

त्या पहिल्या चौदा दिवसांच्या गोळ्या संपल्यावर तोच मरणाचा प्रसंग मी एका दमात वाचला. वाचून झालं तरी काचेपलीकडे यंत्र चालूच. एकवीस वर्षांत पहिल्यांदा दादा ते बंद करायला विसरले होते. म्हणाले, "लक्ष तुमच्या वाचण्याकडे होतं, ताई."

दादा, माझ्या पोटाचं हे तुम्ही वहिनींनाही सांगितलं नव्हतं, ते मला आज चहाच्या वेळी कळलं. तुमच्यामुळे मी अजून वाचतेय. आयोजकांचे आभार, आणि हसू दाबून ऐकलंत म्हणून आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. एरवी तेवढं दादा कापून टाकतात, आज त्यांना मी समोर बसवून ठेवलंय.